भाडं एका घराचं, शूटिंग अख्ख्या गल्लीत

सोलापूरच्या पूर्व भागातून आलेलं हे पत्र. लिहिणाऱ्या बाई पंचेचाळिशीच्या आहेत. ओळख पटेल अशा खुणा काढून मजकूर थोडक्यात देते.

त्यांच्या घरासमोर एक जुना दगडी वाडा आहे. वाड्यात एकट्या राहणाऱ्या अक्कांनी तो टीव्ही मालिकेच्या शूटिंगला भाड्यानं दिलाय. युनिट निम्मा महिना तरी गल्लीत असतं. तोंडाशी नटांची व्हॅनिटी व्हॅन, मध्ये टेम्पो, यांच्या खिडकीखाली जनरेटर. रात्री साडेअकरा-बारापर्यंत कर्ण्यावरून आरडाओरडा, खिडकीत लाइटचा झोत. सासूबाई ८२ वर्षांच्या, त्यांची झोप गेलीय. मुलगा बारावीला, परीक्षा फेब्रुवारीत. नळ सुटायच्या दिवशी युनिटचा पोरगा दारात येऊन ‘मोटर बंद करा, साऊंडला त्रास होतोय’ म्हणून सांगून गेला आणि त्या दिवशी पिंप अर्धंच भरलं. ‘मागचा टॉवेलचा कारखाना शॉट चालू असताना बंद ठेवतात, तेवढीच काय ती शांतता,’ असं त्या लिहितात. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी सेल्फी काढले, युनिटला भाकरी आणि शेंगाचटणी पोचती झाली. आता गल्लीत दोन तट पडलेत. ‘परवानगी आहे म्हणतात, मग आपण काय करणार? पोलिसांत जावं तर अक्कांशी इतक्या वर्षांचा घरोबा तुटतो. गप्प बसावं तर घरात रोजची कटकट. बाई पैशाच्या मागं लागली असं लोक म्हणतात आणि मलाही हल्ली तसंच वाटतंय.’ जाता जाता आणखी एक प्रश्न: युनिटनं आता यांच्याच माळवदावर लाइट लावू द्या म्हणून विचारलंय, रात्रीचे हजार रुपये देतो म्हणतात. घ्यावेत का?

ताई,

पाण्यावर, झोपेवर, परीक्षेवर तुम्ही पानभर लिहिलंय आणि कारखान्यावर एकच ओळ. मी त्या ओळीपासून सुरू करते.

रोजच्या मालिकांचं काम बहुतेक सिंक साऊंडवर चालतं. नट बोलतो तेव्हाच आवाज पकडायचा, कारण मागाहून डबिंग करत बसायला वेळ नसतो. त्यामुळे शॉटच्या वेळी आसपास खट्ट झालेलं चालत नाही, आणि यंत्रमागांच्या या पूर्व भागात खट्ट व्हायचं थांबणार कसं? मागाच्या शेडला लागून घर असलं की भिंतीवर हात ठेवला तरी थरथर कळते. मग सहायक दिग्दर्शक पोराला पिटाळतो, ‘पाच मिनिटं माग बंद करायला सांग.’ ती पाच मिनिटं पाच कधीच नसतात. लाइट सरकवायचा, नटीचा पदर मघासारखा करायचा, एकदा संवाद अडखळतो, एकदा बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजतो, अर्धा तास जातो. तेवढा वेळ मागवाला हात बांधून उभा. कारखानदाराशी युनिटचं काही ठरलंही असेल. पण मागावर जो उभा असतो त्याची मजुरी नगावर असते. टॉवेल उतरला तर पैसे. दिवसातून चारदा माग थांबला की पगाराच्या दिवशी हातात कमी येतं, आणि ती तूट कुणाच्याच करारात लिहिलेली नसते. तुम्हाला मिळणारी घटकाभर शांतता त्याच्या मजुरीतून कापली जातेय. आणि गल्लीतल्या तुमच्या दोन्ही तटांत तो कुठंच नाही.

टोमणा म्हणून हे सांगत नाही. गाठ कुठं बसलीय ते यावरून दिसतं. करारावर सह्या दोनच, अक्कांची आणि निर्मात्याच्या माणसाची. भाडं ठरलं वाड्याचं. वापरात आला रस्ता, तुमची खिडकी, नळाची वेळ, पलीकडच्या मागाचा चालू-बंद. यातल्या कशाबद्दलही कुणी कुणाला विचारलं नाही. तुमचा राग जनरेटरवर आहे असं तुम्ही लिहिता. पण तोच जनरेटर आदल्या दिवशी येऊन, विचारून, चौकाच्या बाजूला लावला असता तर हे पत्र लिहायला बसला असता का? मला वाटतं, नसता. न विचारता आपल्याला गृहीत धरलं गेलं याची ही चीड आहे. ती खरी आहे, आणि तिच्यावर इलाजही वेगळा लागतो.

आता ‘त्यांच्याकडे परवानगी आहे.’ असेल ना. राज्यात चित्रीकरणाच्या परवानग्यांसाठी एक खिडकी योजना आहे, गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीचं महामंडळ ती चालवतं. शिवाय सार्वजनिक रस्ता अडवायचा, गाड्या लावायच्या म्हटलं की महापालिका आली, पोलीस आयुक्तालयाची वाहतूक शाखा आली. पण परवानगी असते ती अमुक जागेची, अमुक तारखांची, अमुक वेळेची. तो कागद दाखवा म्हणून मागण्यात काही गैर नाही. कागद वाड्याच्या आतला आणि टेम्पो चौकापर्यंत, असा प्रकार पुष्कळदा निघतो. गल्लीच्या तोंडाशी काळा टी-शर्ट घालून उभ्या राहिलेल्या पोराला रहिवाशांना अडवायचा काही हक्क नाही. रस्ता बंद करायचा तो पोलिसांनी. शूटिंग बघत उभ्या असलेल्यांचे मोबाइल हिसकावायचा हक्क तर कुणालाच नाही.

आणि कुठल्याही परवानगीनं रात्रीचा गोंगाट माफ होत नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. या वेळात उघड्यावर कर्णा, स्पीकर, काही वाजवता येत नाही. वर्षातून मोजून १५ दिवस सरकार सण-उत्सवांना १२ पर्यंतची सूट देऊ शकतं, मालिकेतलं लग्न त्यात बसत नाही. सहायक दिग्दर्शकाच्या हातातला कर्णाही यातच आला. त्यांच्या सगळ्यांच्या कंबरेला वॉकी-टॉकी लटकत असतो, १० नंतर त्याच्यावर बोला म्हणावं. दिवसा तक्रार करायला आवाज मर्यादेच्या १० डेसिबलनं वर असावा लागतो. रात्रीची बंधनं मोडली तर तेवढं मोजमाप घेऊन जायची गरज नाही.

जनरेटरचं गणित मात्र थोडं वेगळं आहे. नियमात बसणाऱ्या डिझेल जनरेटरला पेटीपासून एक मीटरवर ७५ डेसिबलपर्यंत मुभा आहे. म्हणजे अगदी नियमातला असला तरी खिडकीखाली उभा केला की तुमच्या घरात रात्रीची मर्यादा ओलांडणारच. खोट जागेत आहे, आणि जागा बदलता येते. युनिटकडे लांबच लांब केबल असते, गाडी मोठ्या रस्त्याला लावून वायर आत ओढणं त्यांना रोजचं काम आहे. त्यांना स्वतःलाही शांत गाडीच हवी असते, नाहीतर तिचाच आवाज शॉटमध्ये घुसतो. ती खिडकीखाली आली ती बहुधा केबल ओढायचा आळस म्हणून, किंवा तुम्ही पहिल्या दिवशी काही बोलला नाहीत म्हणून.

अक्कांबद्दल जरा सबुरीनं. तुमच्याच पत्रात आहे की मुलगा पुण्याला, वाडा पावसात गळतो, गेल्या वर्षी मागची भिंत पडली. जुना दगडी वाडा एकटीनं सांभाळायचा म्हणजे काय असतं ते पूर्व भागात कुणाला सांगायला नको. विकून टाकावा तर बिल्डर टपलेले. अशात कुणी वाडा न पाडता, आहे तसा राहू दे म्हणून वर पैसे देतो म्हटल्यावर त्या हो म्हणाल्या. त्यात हाव कुठं दिसली तुम्हाला? जनरेटर कुठं लागणार, रात्री कितीला पॅकअप, हे त्यांना सही करताना कुणी सांगितलंच नसण्याची शक्यता मला जास्त वाटते. रेकीला, म्हणजे जागा बघायला आलेली माणसं गोड बोलतात. चौघं येतात, चपला बाहेर काढतात, चहा घेतात, वाड्याचं कौतुक करतात. नंतर ऐंशी माणसं येतात. त्या चौघांत जनरेटरवाला नसतो.

म्हणून सह्यांचं निवेदन घेऊन कुणाकडेही जायच्या आधी अक्कांकडे एकट्या जा. सकाळी, युनिट नसलेल्या दिवशी. ‘अक्का, करारात काय काय लिहिलंय ते बघू या का?’ एवढंच. एका शिफ्टचे तास किती ठरलेत, रात्रीच्या शिफ्टचे वेगळे पैसे आहेत का, भिंतीला खिळे-रंग लावले तर पूर्ववत करून देणार का, अनामत किती, आणि मुख्य म्हणजे करार कधी संपतो. बऱ्याचदा मालकीणबाईंनाही यातलं निम्मं माहीत नसतं. भाड्यातून टीडीएस कापला असेल तर त्याचा कागद मिळालाय का, तेही विचारा. हे उत्पन्न विवरणपत्रात दाखवावं लागतं आणि मुलगा पुण्यात असला की या गोष्टी राहून जातात. अशा बसण्यातून तुम्ही तक्रारखोर शेजारीण न राहता त्यांच्या बाजूनं कागद वाचणारी बाई होता. त्यानंतर तुमच्या सासूबाईंच्या झोपेचा विषय काढा. त्यांना ते मनाला लागेल, युनिटला लागणार नाही तितकं.

पोलिसांचं म्हणाल तर मी त्याच्या विरोधात अजिबात नाही. रात्री ११ ला कर्णा चालू असेल तर ११२ लावा आणि संकोच करू नका. ती तक्रार आवाजाची आहे, अक्कांची नाही, आणि आधीच त्यांना ‘१० नंतर आवाज आला तर मी फोन करणार आहे’ असं सांगून ठेवलंत तर घरोब्याला धक्का लागायचं कारण नाही. मात्र शूटिंगच बंद पाडायचं म्हणून अर्ज दिलात तर काय होईल? एक दिवस गाडी येईल, चौकशी होईल, दोन तास काम थांबेल. दुसऱ्या दिवशी परवानगीचा कागद दाखवून ते परत सुरू. तुमचा जनरेटर होता तिथंच, वर आता कुणी तुमच्याशी बोलायला तयार नाही. माजी नगरसेवकाला मध्ये घालायचा बेत तुमच्या यजमानांनी केलाय, त्यात मला निराळी भीती वाटते. पुढारी आला की प्रश्न दहा मिनिटांत मिटतो, फक्त कुणाच्या बाजूनं आणि कशाच्या मोबदल्यात मिटला ते गल्लीला कळत नाही.

मग युनिटशी बोलायचं. कुणाशी? चहा देणारा स्पॉटदादा, वायर ओढणारे लाइटवाले, यांच्यावर ओरडून उपयोग नाही. तीही बारा-बारा तास राबणारी माणसं आहेत, त्यांच्या हातात काही नसतं. दिग्दर्शकाकडेही जाऊ नका, त्याच्या डोक्यात पुढचा सीन असतो. प्रॉडक्शन मॅनेजर कोण ते विचारा. पैसे, गाड्या, जागा हे सगळं त्याच्याकडे. आणि त्याला गाठायचं ते संध्याकाळी, कारण उद्याचा कॉल टाइम, म्हणजे युनिटनं कितीला जमायचं ते, आणि उद्या कुठले सीन हे संध्याकाळी ठरतं. सकाळी सगळं लावून झाल्यावर गेलात तर जनरेटर हलवणं म्हणजे त्याचा एक तास. आदल्या संध्याकाळी सांगितलंत तर ड्रायव्हरला एक फोन.

तुम्ही समजता तितक्या हतबल तुम्ही नाही. त्या वाड्याचा दरवाजा, ओसरी, समोरची गल्ली एकदा पडद्यावर दिसली की मालिकेला ते घर सहजी बदलता येत नाही. प्रेक्षक लगेच ओळखतात. आतल्या खोल्यांचा सेट ते पुढं मुंबईत उभा करतीलही, बाहेरच्या दृश्यांना मात्र इथंच यावं लागणार. पहिल्या महिन्यात त्यांना दुसरं घर मिळत होतं, आता तुमची गल्ली हवी आहे. शिवाय सिंक साऊंडमुळे गल्लीतल्या प्रत्येक कुकरच्या शिट्टीला आज किंमत आली आहे. ती वसूल करायला मुद्दाम शिट्ट्या वाजवू नका. तसं करणारी एक तरी खोली प्रत्येक गल्लीत असते आणि तिच्यामुळे सगळ्यांचं बोलणं फिसकटतं. पण ही गरज मॅनेजरला पक्की ठाऊक आहे, हे मनात धरून बोला. आणि बोलणी कराराच्या मुदतवाढीच्या आधी उरका.

मागायचं काय? एक साधा कागद, गल्लीच्या नावानं, मॅनेजरच्या सहीचा. अक्कांनी पुढच्या करारात तो जोडायला लावला तर सोन्याहून पिवळं. त्यात पहिली ओळ पाण्याची घाला. आपल्याकडे नळ काही दिवसांआड सुटतो, त्या दिवशी पाणी येऊन जाईपर्यंत शॉट नाही, मोटरी बंद करायला सांगायचं नाही, गल्लीत टेम्पो नाही. मुंबईहून आलेल्या माणसाला नळाचा दिवस म्हणजे काय ते कळत नाही, त्याच्या घरी रोज पाणी येतं. समजावून सांगा, आणि वेळापत्रक बदललं की त्याला कळवायची जबाबदारी गल्लीतल्या एकीनं घ्या.

मग रात्र. इथं एक आतली गोष्ट सांगते, कारण युनिटच्या आसपास मी काही वर्षं काढली आहेत. घरातला रात्रीचा सीन रात्रीच करावा लागत नाही. खिडक्यांना बाहेरून काळा कपडा लावला की भर दुपारी आत रात्र होते. रोज हे करतात ते. तेव्हा ‘सीन रात्रीचा आहे, आमचा नाइलाज आहे’ असं सांगितलं तर विचारा, आतला की बाहेरचा? आतला असेल तर दिवसा करा. बाहेरचे सीन महिन्यातून ठरवून दिलेल्या रात्रीच, आधी कळवून, आणि तुमच्या खिडकीवर येणाऱ्या झोताला काळ्या कापडाचा आडोसा. परीक्षेचे आठवडे वेगळे लिहून घ्या. मुलाचं वेळापत्रक बोर्डाकडून आलेलं आहे, त्याची झेरॉक्स द्या. बारावीच्या पेपरच्या आदल्या रात्री शूटिंग नको, या मागणीला नाही म्हणणारा मॅनेजर मी अजून पाहिला नाही, त्याच्याही घरी पोरं असतात.

मागवाल्यांचं मात्र तुम्हाला पुढं होऊन बोलावं लागेल. ते स्वतः बोलणार नाहीत, कारखानदार दुखावेल म्हणून. माग थांबला त्या वेळेची नोंद ठेवायची आणि त्या दिवशीची भरपाई मागावर होता त्याच्या हातात द्यायची, मालकाच्या नाही. ताशी दर काय धरायचा ते मागवाल्यांनाच विचारा, एका तासात किती टॉवेल उतरतात हे त्यांना तोंडपाठ असतं. निर्मात्याच्या रोजच्या खर्चात ही रक्कम कुठल्या कुठं जाते. खरं तर माग थांबवण्यापेक्षा कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी संवादांचे सीन आणि इतर दिवशी बिनआवाजाचे सीन अशी आखणी त्यांनाच स्वस्त पडेल. हे त्यांना सुचवा, अजून कुणी सुचवलं नसेल.

रस्त्याच्या बाबतीत तडजोड करू नका. रुग्णवाहिका आणि अग्निशामक दलाची गाडी जाईल एवढी वाट सदैव मोकळी हवी, आणि टेम्पोचा ड्रायव्हर टेम्पोतच हवा. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेल कारखान्याच्या आगीत ८ माणसं गेली. कापसाची धूळ, सुताचे गठ्ठे, आणि त्याला लागून शेकडो फूट केबल, हे तुमच्या गल्लीत रोज घडतंय. केबल कारखान्याच्या दारातून न्यायची नाही, हे लिहून घ्या.

कॅलेंडरही त्यांच्या हातात द्या. जानेवारीत सिद्धरामेश्वरांची यात्रा, गड्डा. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांचा रथ. गणपती, १४ एप्रिल. या दिवसांत पूर्व भागात शूटिंग लावणं म्हणजे त्यांनी स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेणं आहे, आवाजही मिळणार नाही आणि पोलीस बंदोबस्तही. पण त्यांच्या वेळापत्रकात ते नसतं.

पैशाबद्दल दोन शब्द. ‘गल्लीसाठी काहीतरी द्या’ हे वाक्य बोलायच्या आधी काय हवं ते ठरवा. मंडळाच्या नावानं ठोक रक्कम घेतली की ती डीजेत जाते आणि झोप तुमचीच दुसऱ्यांदा उडते. त्यापेक्षा व्हॅनिटीच्या चाकाखाली फुटलेलं गटाराचं झाकण, रोज पॅकअपनंतर कागदी कप-द्रोण उचलणं, युनिटच्या माणसांसाठी फिरतं शौचालय, ही कामं सांगा. आणि काही पोरं ‘पैसे दिले नाहीत तर शूटिंग होऊ देणार नाही’ अशा गोष्टी करत असतील तर त्यांना वेळीच आवरा. ती खंडणी होते, आणि मग तुमची रास्त मागणीही त्याच रांगेत जाऊन बसते.

पत्रात तुम्ही गल्लीतल्या पोरांना गर्दीच्या सीनमध्ये उभं केलं, बिस्किटाचे पुडे दिले असं कौतुकानं लिहिलंय. कौतुक असू द्या, पण आयांना सांगून ठेवा: १४ वर्षांखालच्या मुलांकडून असं काम घ्यायचं तर निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त नाही, सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, आणि मोबदल्यातला किमान २० टक्के भाग मुलाच्या नावानं मुदत ठेवीत. बिस्किटाचा पुडा यात कुठं बसत नाही.

जुळे सोलापूर, विजापूर रस्त्याकडच्या अपार्टमेंटमधूनही अशी पत्रं येतात, म्हणून त्यांच्यासाठी: सोसायटीची गच्ची, जिना, पार्किंग ही चेअरमनची खासगी मालमत्ता नाही. चित्रीकरणाला द्यायची तर सभेत ठराव करा, पैसे सोसायटीच्या खात्यात, पावतीवर. एका सदस्यानं आपला फ्लॅट दिला तरी लिफ्टमधून लाइट चढणार आहेत, हे तो विसरतो. लिफ्टची वेळ आणि दुरुस्ती त्याच्याकडून आधी लिहून घ्या.

राहिले तुमचे हजार रुपये. घेऊ नका असं मी म्हणणार नाही. तुमच्या घराचा वापर होणार असेल तर मोबदला घेण्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि घेतलात तर अक्कांकडे बघायची तुमची नजरही जरा निवळेल. पण तुमचं छत माळवदाचं आहे असं तुम्ही लिहिता. लाकडी तुळ्या, वर चिखल-माती, किती वर्षांपूर्वीची कुणास ठाऊक. त्या मोठ्या लाइटचं स्टँड, त्यावर वाळूच्या पिशव्या, वर चढलेली तीन-चार माणसं, हे वजन एका कोपऱ्यात येतं. खाली कोण झोपतं? सासूबाई ना? हजाराला हे परवडणारं नाही. त्यांना सरळ सांगा की माळवदावर काही चढणार नाही. अंगणाच्या कोपऱ्यात स्टँड लावायचं असेल तर बोलू, पण १० च्या आत, अक्कांच्या कानावर घालून, आणि लेखी. नुकसान झालं तर भरून देण्याची ओळ त्यात असू द्या. आणि या उन्हाळ्यात एखादा जाणता गवंडी बोलावून ते माळवद तपासून घ्या, शूटिंग असो नसो.